शरीरसंस्थांची परिभाषा : शब्द एक, अवयव अनेक

भारतीय भाषांतील शरीरविषयक शब्द बहुतांशी संस्कृतातून आलेले आहेत. त्यामुळे एका भाषेतील साहित्यकृती दुसऱ्या भाषेत नेताना हे शब्द जसेच्या तसे ठेवले तरी चालते, असा समज सहज होतो. वस्तुतः शब्दाचे रूप तेच राहूनही त्याने दर्शविला जाणारा अवयव भाषेगणिक बदललेला आहे. शरीराच्या प्रमुख संस्था क्रमाने पाहिल्या म्हणजे हे स्पष्ट होते.

प्रथम हालचालीची संस्था घ्यावी. प्रौढ मानवी शरीरात सामान्यतः २०६ हाडे असतात. परंतु ती आपण होऊन हलत नाहीत. त्यांना जोडलेले मांसल तंतू आकुंचन पावले म्हणजे सांध्यापाशी हालचाल घडते. या मांसाला मराठीत व गुजरातीत 'स्नायू' म्हणतात. सुश्रुतसंहितेत मात्र मांसपिंडाला 'पेशी' ही संज्ञा असून पेशींची संख्या ५०० सांगितली आहे. तेथील ९०० 'स्नायू' म्हणजे शरीराचे भाग एकत्र बांधून ठेवणारे बंध होत. हिंदीने 'मांसपेशी' या शब्दात जुना अर्थ राखला. मराठीने 'पेशी' ही संज्ञा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या, सजीवाच्या मूलघटकाला दिली. त्यालाच हिंदीत 'कोशिका' आणि बंगालीत 'कोष' म्हणतात.

स्नायूला आकुंचनाचा आदेश मिळतो तो मेंदू व पाठीच्या कण्यातील रज्जू यांच्याकडून. आदेश वाहणाऱ्या तंतूंना मराठीत 'मज्जातंतू' व त्या व्यवस्थेला 'मज्जासंस्था' हे नाव रूढ झाले. अलीकडे 'चेतासंस्था' हा पर्यायही वापरात आहे. आयुर्वेदात मज्जा हा हाडाच्या पोकळीतील धातू होय. रक्तपेशी तयार करणाऱ्या त्या गराला मराठीत आता 'अस्थिमज्जा' असे वेगळे म्हणावे लागते. लॅटिनमधील 'मेडुला' हा मूळचा मज्जावाचक शब्दही असाच मेंदूच्या देठापर्यंत पोहोचला आहे. बंगालीत मात्र आदेशवाहक तंतूलाच 'स्नायू' म्हणतात.

रुधिराभिसरण संस्थेत निराळाच प्रकार आढळतो. हृदयातून निघालेले रक्त एका प्रकारच्या वाहिन्यांतून बाहेर जाते व दुसऱ्या प्रकारच्या वाहिन्यांतून परत येते, हे विल्यम हार्वे याने १६२८ साली सप्रमाण मांडले. मराठी पाठ्यपुस्तकांनी या वाहिन्यांना 'रोहिणी' व 'नीला' ही नावे दिली. सुश्रुताच्या वर्गीकरणात रोहिणी ही रक्त वाहणारी व नीला ही पित्त वाहणारी शिरा आहे. म्हणजे नावे जुनी, आशय पूर्णतः नवा. शिवाय या नावांतील रंगांवर विसंबता येत नाही : फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी प्राणवायू कमी असलेले रक्त नेते, तर तेथून येणारी नीला प्राणवायूयुक्त रक्त आणते. येथे भेद रंगाचा नसून दिशेचा आहे.

पचनसंस्थेत पित्त तयार करणारे यकृत हिंदीत 'कलेजा' म्हणून ओळखले जाते, आणि धैर्य व माया यांचे स्थानही तोच कलेजा. मराठी वाक्प्रचारांत 'काळीज' हृदयाच्या जागी येते. पण खाटकाच्या दुकानात 'कलेजी' मागितली तर यकृतच मिळते.

या भेदांचा परिणाम केवळ वैद्यकीय ग्रंथांपुरता राहत नाही. बंगाली कथेतील पात्राचे 'स्नायू' ताणले गेले, असे मराठीत जसेच्या तसे उतरले, तर मनावरचा ताण दंडापोटऱ्यांचा ताण होऊन बसतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने चूक वाचकाच्या ध्यानातही येत नाही. अपरिचित शब्द भाषांतरकाराला कोशाकडे पाठवतो. परिचित शब्द त्याला बेसावध ठेवतो. म्हणून शरीरवाचक तत्सम शब्दापाशी प्रथम 'हा अवयव कोणते कार्य करतो?' असे विचारावे, आणि त्या कार्याला आपल्या भाषेत जे नाव असेल ते योजावे.