बाउझरच्या डोक्यावरचा मुकुट : चाहत्यांच्या चित्रांविषयीचे गैरसमज

13 सप्टेंबर 2018 रोजी निन्टेन्डो या जपानी कंपनीने एका मारिओ गेमची झलक दाखवली. तीत टोडेट नावाचं, अळंबीसारख्या डोक्याचं चिमुकलं पात्र ‘सुपर क्राउन’ हा मुकुट डोक्यावर चढवतं आणि बघता बघता राजकन्या पीचसारखं दिसू लागतं. सहा दिवसांनी मलेशियातल्या एका चित्रकाराने चार चौकटींची चित्रकथा इंटरनेटवर टाकली. तिच्या सुरुवातीला पीचने मारिओ आणि बाउझर दोघांनाही नकार दिला आहे. (2017 सालच्या ‘सुपर मारिओ ओडिसी’च्या शेवटी हा प्रसंग खरोखरच आहे.) मग बाउझर, म्हणजे मारिओच्या गेममधला आग ओकणारा, काटेरी कवचाचा खलनायक, तोच मुकुट घालतो, शिंगं आणि सुळे असलेली राणी होतो आणि मारिओबरोबर निघून जातो. पुढच्या काही दिवसांत जगभरच्या चित्रकारांनी या राणीच्या चित्रांचा पाऊस पाडला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तिला ‘बाउझेट’ म्हटलं, जपानी चाहत्यांनी ‘कुप्पाहिमे’.

व्हिडिओ गेममधल्या पुरुष पात्राला स्त्री करून, स्त्री पात्राला पुरुषी वेशात, किंवा दोन्हींच्या मधल्या रूपात रंगवण्याची ही हौस बाउझेटपेक्षा कितीतरी जुनी आहे. तिच्याविषयीची मतं मात्र बहुतेकदा अशा एखाद्या गाजलेल्या चित्रावरून, घाईत बनलेली असतात. त्यांतली काही तपासून पाहायला हवीत.

गैरसमज : ‘मूळ पात्र स्पष्ट होतं, चाहत्यांनी त्याची मोडतोड केली’

1981 साली ‘डाँकी काँग’ हा गेम आला तेव्हा मारिओला मिशा आल्या, कारण इतक्या कमी ठिपक्यांत तोंड काढणं जमत नव्हतं. टोपी आली, कारण केस काढणं अवघड होतं. त्या काळातलं पात्र म्हणजे मोजके रंगीत ठिपके. बाकीचं सगळं खेळणाऱ्याने मनात भरायचं, किंवा खोक्यातल्या माहितीपुस्तिकेत वाचायचं. आणि या पुस्तिकांवर किती विसंबायचं, हा प्रश्नच आहे.

‘मेट्रॉइड’ हा 1986 सालचा गेम घ्या. त्याच्या इंग्रजी पुस्तिकेत नायक सॅमस अ‍ॅरनचा उल्लेख सरळ पुरुष म्हणून आहे. गेम पुरेशा वेगाने संपवला की शेवटी चिलखत उतरतं आणि आत बाई असते. ही खेळी बनवणाऱ्यांचीच होती. म्हणजे पात्राच्या लिंगाविषयी खेळणाऱ्याला आधी चकवायचं आणि मग थक्क करायचं, ही युक्ती चाहत्यांच्या कुंचल्याआधी कारखान्यातच तयार झाली होती.

बर्डोची गोष्ट त्याहून बोलकी आहे. अमेरिकेत 1988 साली आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’च्या पुस्तिकेत या गुलाबी, तोंडातून अंडी फेकणाऱ्या प्राण्याबद्दल लिहिलं होतं की तो स्वतःला मुलगी समजतो आणि त्याला ‘बर्डेटा’ म्हटलेलं आवडतं. पुढच्या आवृत्त्यांतून हा मजकूर गळला आणि नंतरच्या कित्येक गेममध्ये बर्डो सरळ स्त्री म्हणून वावरली. आता बर्डोचं चित्र काढणाऱ्याने कोणतं ‘मूळ’ धरायचं?

कॅपकॉमच्या 1989 सालच्या ‘फायनल फाइट’मधल्या पॉयझनच्या बाबतीत तर बाजारपेठेनेच लिंग ठरवलं. अमेरिकेत घरगुती यंत्रासाठी गेम नेताना बायकांना मारताना दाखवणं लोकांना रुचणार नाही, अशी भीती होती. म्हणून पॉयझन आणि तिची जोडीदार रॉक्सी यांच्या जागी दोन पुरुष गुंड बसवले गेले. त्यानंतर पॉयझन ट्रान्स स्त्री आहे की नाही, याची उत्तरं कंपनीकडून वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळी मिळत गेली. चाहत्यांनी या गोंधळातून आपापली पॉयझन उभी केली. तिला मोडतोड म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मूळ वस्तूतच जे भोक होतं, तिथे त्यांनी हात घातला.

‘द लिजंड ऑफ झेल्डा’चा नायक लिंक हे आणखी एक उदाहरण. या मालिकेचे निर्माते एइजी आओनुमा यांनी 2016 साली एका मुलाखतीत सांगितलं की लिंक मुलगा आहे की मुलगी, असा विचार खेळणाऱ्याच्या मनात यावा अशी त्यांची जुनी इच्छा होती. 2017 सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये गेरुडो नावाचं शहर आहे. तिथे पुरुषांना प्रवेश नाही. लिंक बायकांचा वेश मिळवतो, तोंडावर झिरझिरीत पडदा घेतो आणि वेशीतून आत जातो. या वेशातल्या लिंकची चाहत्यांनी काढलेली चित्रं अगणित आहेत. ती पाहून नाक मुरडणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, की हा वेश त्यांच्या आवडत्या गेमनेच लिंकला घातला आहे आणि गेरुडोमधली कथा पुढे न्यायची तर तो घालावाच लागतो.

याच लिंकबाबत 2012 सालची एक घटना मला फार मोलाची वाटते. माइक हॉय हे कॅनडातले वडील आपल्या लहान मुलीबरोबर याच मालिकेतला ‘द विंड वेकर’ खेळत होते. पडद्यावरचे संवाद मुलीला वाचून दाखवताना ते नायकाला दरवेळी मुलगी करून सांगत. मग त्यांनी गेमची फाइलच उघडली आणि लिंकला उद्देशून आलेले सगळे पुरुषवाचक शब्द बदलले. नवा शब्द जुन्याइतक्याच अक्षरांचा हवा, अशी तांत्रिक अट होती. ती पाळत त्यांनी हे किचकट काम पूर्ण केलं. लिंकच्या चेहऱ्याला, कपड्यांना, केसांना त्यांनी हात लावला नाही. तोच हिरवा अंगरखा, तेच मोठे डोळे, आणि मुलीसाठी ती एका शूर मुलीची गोष्ट झाली. पात्राचं ‘पुरुषपण’ चित्रात किती होतं आणि आपल्या गृहीतात किती, याचं याहून स्वच्छ प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

गैरसमज : ‘हे सगळं पुरुषांनी पुरुषांसाठी काढलेलं चावट काम असतं’

चावट चित्रं असतात, भरपूर असतात. बाउझेटच्या लाटेत ती ढिगाने आली. हे नाकारण्यात अर्थ नाही आणि लहान मुलांच्या हाती फोन देणाऱ्यांनी ते लक्षात ठेवायलाच हवं. पण त्यावरून सगळ्या हौशी कलेचं चारित्र्य ठरवणं चुकीचं आहे.

जपानमध्ये चाहत्यांनी स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांना दोजिन्शी म्हणतात. त्यांचा सगळ्यात मोठा बाजार म्हणजे टोकियोतला ‘कॉमिकेट’. 21 डिसेंबर 1975 रोजी तो पहिल्यांदा भरला तेव्हा 32 गट होते आणि सुमारे 700 माणसं आली होती. त्यांत शाळा-कॉलेजातल्या मुली बहुसंख्य होत्या. 2019 सालापर्यंत चार दिवसांच्या एका कॉमिकेटला सात लाखांहून अधिक लोक येऊ लागले. पुरुष पात्रांमधल्या प्रेमकथा, त्यांचे हळवे, नाजूक, घरगुती अवतार ही या बाजारात मुख्यतः मुलींनी आणि बायकांनी उभी केलेली परंपरा आहे. मूळ कथेत लढण्यापलीकडे काहीच करायला न मिळालेल्या पुरुषांना त्यांनी रडू दिलं, स्वयंपाक करू दिला, एकमेकांची काळजी घेऊ दिली.

तरीही एक टीका मला पूर्ण मान्य आहे, आणि ती चाहत्यांमधूनच, विशेषतः ट्रान्स चाहत्यांकडून येते. पुरुष पात्राला स्त्री करायचं म्हणजे छाती वाढवायची, कंबर बारीक करायची आणि कपडे कमी करायचे, हा सोपा मार्ग फार जण धरतात. बाउझर जर बाई झाला, तर तिचं वजन, तिचं कवच, तिची डरकाळी कुठे जाते? काही चित्रकारांनी हे प्रश्न घेतले. त्यांनी रुंद खांद्यांची, दणकट, खवल्यांच्या अंगाची बाउझेट काढली. ती चित्रं मला इतरांपेक्षा कितीतरी सरस वाटतात, कारण त्यांत बाउझर शिल्लक आहे. शरीर बदललं की लिंग बदललं, एवढंच समीकरण मांडणारं चित्र जुन्याच साच्याची नवी प्रत काढतं.

गैरसमज : ‘असं चित्र काढणाऱ्याची स्वतःची ओळखच त्यात उघड होते’

इथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. कपडे, केस, चालणं-बोलणं यांतून लिंगभाव व्यक्त करणं ही एक. आपण आतून कोण आहोत, ही लिंगओळख दुसरी. आपल्याला कोणाचं आकर्षण वाटतं, ही तिसरी. एका गोष्टीवरून दुसरीचा निष्कर्ष निघत नाही. रेखाटनावरून तर नाहीच नाही.

मार्च 2013 मध्ये अमेरिकेतले गेम बनवणारे माइक मिका यांनी ‘डाँकी काँग’मध्ये अदलाबदल केली. मूळ गेममध्ये मारिओ पॉलीन नावाच्या मुलीला सोडवतो; त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला पॉलीन होऊन मारिओला सोडवायचं होतं. त्यांनी पॉलीनच्या हालचालींची चित्रं नव्याने बसवली, मारिओला वर नेऊन ठेवलं, आणि पडद्यावर मारिओसाठी असलेल्या ‘एम’च्या जागी ‘पी’ लिहिलं. यातून त्या वडिलांच्या ओळखीविषयी काही कळत नाही. लेकीच्या हट्टाविषयी मात्र पुष्कळ कळतं.

जपानचीच ताकाराझुका ही नाटकमंडळी पाहा. 1913 साली स्थापन झालेल्या या मंडळीत सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात. तिने 2009 साली ‘एस अ‍ॅटर्नी’ या वकिलीच्या गेममालिकेवर नाटक आणलं आणि त्यातला नायक वकील अर्थातच एका अभिनेत्रीने साकारला. बालगंधर्वांची नथ आणि लुगडं नेसण्याची ढब घरोघरच्या बायकांनी उचलली, हे ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटू नये. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये पुरुष योद्ध्याच्या वेशात येणाऱ्या मुलीला थर्माकोलची तलवार किती दिवसांत झाली, हे विचारावं. तिच्या ओळखीची चौकशी करण्याचं कारण नाही.

याची दुसरी बाजूही खरी आहे. काही जणांना स्वतःविषयीचा पहिला धागा अशाच एखाद्या पात्रात सापडतो. ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढणाऱ्या मॅडलिन नावाच्या मुलीचा गेम जानेवारी 2018 मध्ये आला. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या शेवटच्या भागात मॅडलिनच्या खोलीत ट्रान्स समुदायाचा झेंडा दिसला आणि चाहत्यांमध्ये चर्चा उसळली. नोव्हेंबर 2020 मध्ये निर्मात्या मॅडी थॉर्सन यांनी लिहिलं की होय, मॅडलिन ट्रान्स आहे. गेम बनवायला घेतला तेव्हा आपण स्वतः ट्रान्स आहोत हे त्यांना उमगलेलं नव्हतं. पात्र आधी आलं, ओळख मागून.

गैरसमज : ‘चाहत्यांनी गलका केला की पात्र अधिकृतपणे बदलतं’

तसं होत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुरुवातीला सांगितलेला मारिओ गेम बाजारात येताना निन्टेन्डोच्या संकेतस्थळाने सांगितलं की सुपर क्राउन फक्त टोडेटच घालू शकते, मारिओचा भाऊ लुइजी यालासुद्धा तो मिळणार नाही. बाउझेटला कंपनीने कधीच आपलं म्हटलं नाही. गंमत म्हणजे, ‘ओडिसी’च्या चित्रसंग्रहातल्या कच्च्या आराखड्यांत बाउझरने ताबा घेतलेली पीच होती. कल्पना कंपनीलाही सुचली होती, तिने ती वापरली नाही इतकंच.

‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’ या 1998 सालच्या गेममध्ये राजकन्या झेल्डा शीक नावाच्या तरुणाच्या वेशात वावरते. शीक खरोखर पुरुष होतो की केवळ वेश घेतो, यावर चाहते वर्षानुवर्षं भांडले. 2014 साली निन्टेन्डो ऑफ अमेरिकाचे बिल ट्रिनेन यांनी शीक स्त्रीच आहे असं स्पष्ट केलं. शीकला वेगळं वाचणारी चित्रं त्यानंतरही येत राहिली, आणि त्यात काही वावगं नाही. मात्र ‘गेममध्ये असं आहे’ आणि ‘मला असं दिसतं’ यांतला फरक चाहत्यांनीही पाळायला हवा. ‘गिल्टी गिअर’ या गेममालिकेतल्या ब्रिजेटबाबत तो न पाळल्याने फार कडवट वाद झाले. जुळे मुलगे अशुभ मानणाऱ्या गावात मुलगी म्हणून वाढवलेलं हे पात्र 2002 साली आलं. 2022 साली याच मालिकेतल्या ‘स्ट्राइव्ह’च्या कथेत ब्रिजेटने आपण मुलगी आहोत असं स्वतःच म्हटलं आणि कंपनीने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरी हा चाहत्यांचा कावा आहे असं म्हणणारे थांबले नाहीत. तो निर्णय लेखकांचा होता.

गैरसमज : ‘कौतुकाने काढलं म्हणजे कायद्याची भीती नाही’

पात्रावर मालकी कंपनीची असते. 1999 साली जपानमध्ये पोकेमॉनवर प्रौढांसाठी दोजिन्शी काढणाऱ्या एका चित्रकार स्त्रीला अटक झाली होती. 2018 सालच्या अखेरीस तिथल्या कायद्यात बदल झाला आणि काही गुन्ह्यांत मालकाच्या तक्रारीशिवायही खटला भरता येऊ लागला, पण दोजिन्शींसारख्या कामाला त्यातून वगळलं गेलं. बहुतेक कंपन्या काणाडोळा करतात, कारण ही चित्रं म्हणजे फुकटची जाहिरात असते. हा काणाडोळा म्हणजे हक्क नव्हे. चित्र विकायला काढण्याआधी त्या त्या कंपनीचे चाहत्यांसाठीचे नियम वाचावेत.

पालकांना आणि शिक्षकांना एक सांगणं आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या वहीत झगा घातलेला लिंक किंवा दाढीवाली राजकन्या दिसली, तर वही मिटून बाजूला ठेवू नका आणि घाईने अर्थही लावू नका. पात्र कोणत्या गेममधलं आहे, त्यात काय बदललं, काय मुद्दाम तसंच ठेवलं, एवढं विचारा. उत्तर लांबलचक मिळेल. ते पूर्ण ऐकून घ्या.