तत्काळ संदेश आणि कचेरीचे दप्तर

१८७३ साली ‘लल्ला रूख’ जहाजाने सुरिनामला उतरलेल्या कंत्राटी मजुरांची नावे व गावे नोंदवहीत राहिली. म्हणूनच त्यांच्या वंशजांस आज पूर्वजांचा माग लागतो. कचेरीच्या कागदाचे मोल हे असे असते. भ्रमणध्वनीवरील संदेशाने काम झटपट उरकते, ही सोय खरीच. परंतु तो तितक्याच झटपट पुसलाही जातो. अधिकाऱ्यांचे कामकाजविषयक व्हॉट्सॲप व एसएमएस संदेश, खासगी यंत्रावरीलसुद्धा, माहिती-प्रकटनाच्या कायद्याखाली येतात, असा निर्णय नेदरलँड्सच्या राज्य परिषदेने २०१९ मध्ये दिला. तरीही तत्कालीन पंतप्रधान मार्क रुट्टे आपले संदेश वर्षानुवर्षे पुसत आल्याचे मे २०२२ मध्ये उघडकीस आले. जुन्या नोकियात जागा अपुरी, हा त्यांचा खुलासा! महत्त्वाचे तेवढे अधिकाऱ्यांकडे धाडीत असू, असेही त्यांनी सांगितले. पण ती निवड तेच करीत होते.