जुन्या ब्राउझरची पुट्टी

जुलै 2017 मध्ये जिओफोन जाहीर झाला. पंधराशे रुपये अनामत भरली की बटणांचा, हिंदी-मराठी दाखवणारा, इंटरनेट चालवणारा फोन हातात. फोन कोरा करकरीत होता, पण त्याचा ब्राउझर मात्र तेव्हाच शिळा झालेला. या फोनची प्रणाली म्हणजे कायओएस. तिच्या 2.5 या आवृत्तीत वेबपानं उघडण्याचं काम करायचं फायरफॉक्स 48 चं इंजिन, म्हणजे ऑगस्ट 2016 चा माल. मार्च 2017 मध्ये फायरफॉक्सची 52 वी आवृत्ती ‘असिंक-अवेट’ ही जावास्क्रिप्ट या वेबपानं हलती-बोलती करणाऱ्या भाषेतली नवी रचना शिकली होती. जिओफोनला ती कळत नव्हती, आणि पुढची कित्येक वर्षं कळणारही नव्हती.

न कळल्यानं काय होतं? एचटीएमएल ही पानाची मांडणी सांगणारी भाषा मोठ्या मनाची आहे. अनोळखी खूण दिसली तर ब्राउझर ती सोडून पुढं जातो. जावास्क्रिप्टला हा उमदेपणा नाही. फाइल चालवण्याआधी ब्राउझर ती वाचून काढतो आणि दहा हजार ओळींत एक जरी चिन्ह अनोळखी निघालं तरी सगळी फाइल नाकारतो. आजकालची वेब-ॲप्स पानावरचा मजकूर, बटणं, फॉर्म सगळं जावास्क्रिप्टकडूनच मांडून घेतात. त्यामुळे वापरणाऱ्याला दिसतो कोरा पांढरा पडदा. तो बिचारा नेटवर्कला शिव्या घालतो.

यावरचा पहिला उपाय भाषांतराचा. जून 2015 मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाणभाषेची सहावी आवृत्ती आली आणि भाषेचा चेहरामोहराच बदलला. ब्राउझर मात्र आपापल्या चालीनं चालले होते. सेबॅस्टियन मॅकेन्झी या ऑस्ट्रेलियन तरुणानं 2014 मध्येच एक साधन लिहून ठेवलं होतं. सहाव्या आवृत्तीतला कोड घालायचा, पाचव्या आवृत्तीतला काढायचा. म्हणून नाव ‘सिक्स टू फाइव्ह’. पुढच्याच वर्षी त्याचं ‘बेबेल’ झालं. बाणाची खूण वापरून लिहिलेलं सुटसुटीत फंक्शन ते जुन्या लांबलचक पद्धतीनं लिहून देतं, ‘लेट’ या नव्या शब्दाच्या जागी जुना ‘व्हार’ बसवतं. हे सगळं प्रोग्रामरच्या संगणकावर, साइट लोकांपुढं येण्याआधी घडतं.

पण भाषांतरानं व्याकरणच जुळतं. एखादं तयार फंक्शन ब्राउझरमध्ये मुळातच नसेल तर काय भाषांतर करणार? तिथं दुसरा उपाय: पॉलिफिल. हा शब्द 2009 च्या सुमारास रेमी शार्प या ब्रिटिश प्रोग्रामरनं घडवला. भिंतीच्या भेगा बुजवायची ‘पॉलिफिला’ नावाची पुट्टी ब्रिटनमध्ये घरोघरी ठाऊक असते, तीच त्याच्या डोक्यात होती. उपमा नेमकी आहे. पॉलिफिल आधी तपासतो, हे फंक्शन ब्राउझरकडे आहे का? असेल तर हात लावत नाही. नसेल तर तेच काम करणारं फंक्शन जुन्या भाषेत लिहून त्या जागी भरतो. प्रत्येक भेग मात्र अशी बुजत नाही. ‘प्रॉक्सी’ नावाची सोय भाषेच्या इतक्या मुळाशी आहे की तिचा पुरता पॉलिफिल करताच येत नाही.

या सगळ्याची किंमत फाइलच्या वजनात मोजावी लागते, आणि नव्या ब्राउझरवाल्यांनी ती का भरावी? त्यावर एक नामी युक्ती निघाली. पानात दोन फाइली द्यायच्या, एक नव्या भाषेतली, दुसरी भाषांतर केलेली. पहिलीवर ‘मॉड्यूल’ अशी खूण, दुसरीवर ‘नोमॉड्यूल’. जुन्या ब्राउझरला पहिली खूण कळत नाही, म्हणून तो ती फाइल सोडतो. नव्याला दुसरीचा अर्थ कळतो, म्हणून तो ती वगळतो. अडाणीपणाचाही असा उपयोग!

कधी कधी घोडं उलट बाजूनं अडतं. मूटूल्स या तयार कोडच्या जुन्या लायब्ररीनं ब्राउझरच्या याद्यांना स्वतःचं ‘फ्लॅटन’ फंक्शन चिकटवलं होतं. 2018 मध्ये त्याच नावाचं अधिकृत फंक्शन फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत आलं आणि मूटूल्सवर चालणारी एक साइट बिघडली. कुणी थट्टेनं ‘स्मूश’ असं नाव सुचवलं, त्यावर बराच गदारोळ झाला. शेवटी भाषेनंच माघार घेऊन ‘फ्लॅट’ हे नाव स्वीकारलं. जुनी साइट मोडायची नाही, हा दंडक वेबनं असा पाळला.

पुट्टी फुकट मिळते म्हणून कुणाकडूनही घेऊ नये, हा धडा 2024 चा. पॉलिफिल डॉट आयओ ही सेवा ब्राउझर ओळखून हवी तेवढीच पुट्टी पाठवायची. साइटवाल्यानं एक ओळ लिहिली की झालं. फेब्रुवारीत ते नाव एका चिनी कंपनीच्या हाती गेलं. सेवेचे मूळ जनक अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच बजावलं होतं की ती ओळ ताबडतोब काढा, आजच्या साइटना या पुट्टीची गरजच उरलेली नाही. जूनमध्ये त्याच ओळीतून मोबाइलवाल्यांना भलत्याच साइटकडे पळवणारा कोड येऊ लागला. तोवर ती लाखाहून अधिक साइटवर तशीच होती.

आपल्या संस्थेची, दुकानाची किंवा ग्रंथालयाची साइट कुणी दहा वर्षांपूर्वी बांधून दिली असेल, तर ही ओळ तिच्यात उरली आहे का, हे जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावं.