कॅल्क्युलसचा रस्ता सहावीतून जातो
अमेरिकेतली शाळा : भाग सहावा

सहावी-सातवीतलं मूल घेऊन पुण्या-ठाण्याहून न्यू जर्सीत किंवा बे एरियात गेलेल्या मराठी कुटुंबाचं पहिलं वर्ष घर, गाडी आणि लायसन्स यांतच सरतं. शाळेची काळजी कुणी फारशी करत नाही, कारण खरा अभ्यास दहावीला, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. गणितापुरतं हे गृहीतक तिथे महागात पडतं. मूल बारावीत कॅल्क्युलस शिकेल की नाही, हे अनेक शाळांमध्ये सहावीच्या आसपास होणाऱ्या वर्गवारीत जवळजवळ ठरून जातं. अकरा वर्षांच्या पोराच्या बाबतीत एवढा मोठा निर्णय होतो आणि घरच्यांना तो नववीत कळतो.

हे असं का होतं ते समजायला तिथली रचना पाहावी लागते. महाराष्ट्र बोर्डात नववी-दहावीला बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षात, भाग १ आणि भाग २ म्हणून शेजारी शेजारी चालतात, आणि पहिला फाटा लागतो तो अकरावीला. अमेरिकेतलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं. तिथे इयत्तेचं एक गणित नसतं. वर्षाला एक कोर्स, प्रत्येकाला स्वतःचं नाव, आणि आधीचा पार पडल्याशिवाय पुढचा नाही. अल्जिब्रा १, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा २, मग प्री-कॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. एकाच इयत्तेतली दोन मुलं त्यामुळे दोन वेगळ्या कोर्समध्ये बसलेली असतात. नॉर्थ कॅरोलिना, यूटासारख्या राज्यांत हाच मजकूर मिसळून मॅथ १, २, ३ अशा नावांनी शिकवतात, पण उतरंड तीच.

आता वर्षं मोजा. नववीत अल्जिब्रा १ घेतलं, तर दहावीत जॉमेट्री, अकरावीत अल्जिब्रा २, बारावीत प्री-कॅल्क्युलस. हायस्कूल संपलं, कॅल्क्युलस राहून गेलं. आठवीत घेतलं, तर बारावीला कॅल्क्युलस मिळतं. सातवीत घेतलेली मुलं अकरावीतच तिथे पोचतात आणि बारावीला स्टॅटिस्टिक्स घेतात किंवा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन पुढचं शिकतात. आठवीत अल्जिब्रा १ हवं, तर सहावी-सातवी-आठवीचं गणित दोन वर्षांत उरकणाऱ्या तुकडीत मूल असावं लागतं, आणि त्या तुकडीची निवड होते सहावीच्या तोंडावर. मागाहून गाडी पकडता येत नाही असं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत जॉमेट्री उरकणं किंवा जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकाच वर्षी घेणं, हे मार्ग अनेक शाळा देतात. पण ते ज्याला माहीत असतात त्यालाच मिळतात.

या माहीत असण्या-नसण्याचं मोल बॉब मोझेस यांना नेमकं उमगलं होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करताना त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. पेशानं ते गणिताचे शिक्षक. १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला त्यांची मुलगी आठवीत आली आणि तिच्या शाळेत त्या इयत्तेला बीजगणितच नव्हतं. शिक्षिकेच्या परवानगीनं ते स्वतः वर्गात बसून तिला आणि आणखी काही मुलांना शिकवू लागले. त्यातूनच ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. मताचा अधिकार नसलेला माणूस जसा राजकारणाबाहेर राहतो, तसा बीजगणित न शिकलेला मुलगा नव्या अर्थव्यवस्थेबाहेर राहील, हे ते २०२१ मध्ये जाईपर्यंत सांगत राहिले. गणिताच्या कोर्सची यादी हा न्यायाचा प्रश्न आहे, हे मला त्यांच्या कामामुळे पटलं.

न्यायाच्याच भावनेनं सॅन फ्रान्सिस्कोनं २०१४ मध्ये उलट पाऊल उचललं. लहानपणीच मुलांची विभागणी होते, गरीब आणि कृष्णवर्णीय मुलं मागच्या तुकडीत अडकतात, म्हणून शहरातल्या सार्वजनिक शाळांनी आठवीतलं अल्जिब्रा १ सगळ्यांसाठीच बंद केलं. सगळे नववीत एकत्र शिकतील, हा विचार. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. झालं काय, तर ज्यांना परवडत होतं त्यांनी बाहेर पैसे मोजून मुलांना बीजगणित शिकवलं, आणि वरच्या कोर्समधली वांशिक दरी जवळपास तशीच राहिली. मार्च २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी आठवीत अल्जिब्रा परत आणा असा कौल मोठ्या बहुमतानं दिला. तो बंधनकारक नव्हता, पण शाळा मंडळानं त्याच्या काही आठवडे आधीच तसा ठराव केला होता. शाळेतलं दार बंद केलं की श्रीमंताचं मूल दुसऱ्या दारानं आत जातं आणि गरिबाचं बाहेरच राहतं. टेक्साससारख्या राज्यानं २०२३ मध्ये धरलेली वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. तिथे पाचवीत गुणांनी वरच्या ४० टक्क्यांत आलेलं मूल सहावीत आपोआप पुढच्या गणितात बसतं. पालकांना नको असेल, तर त्यांनी तसं कळवायचं.

इथवर वाचून एखादे बाबा मुलाला सातवीतच अल्जिब्रात बसवण्यासाठी शिकवणी शोधायला निघतील. त्यांनी जरा थांबावं. कॅल्क्युलस कशाच्या बळावर उभं असतं ते एका उदाहरणात दिसतं. क्ष² चा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्याच्या पॅराबोलाचा चढ, काढायचा, तर (क्ष + ह)² मधून क्ष² वजा करायचा, ह ने भागायचं आणि ह शून्याकडे न्यायचा. कंस नीट सोडवला, तर क्ष² + २क्षह + ह² मिळतं. वजाबाकी-भागाकार झाल्यावर २क्ष + ह उरतं आणि उत्तर येतं २क्ष. यात कॅल्क्युलस फक्त शेवटच्या पायरीत आहे, आधीचं सगळं अल्जिब्रा १. आणि घाईत वर चढलेलं मूल नेमकं त्या कंसात घसरतं. ते (क्ष + ह)² म्हणजे क्ष² + ह² असं लिहून मोकळं होतं. मग वजाबाकी-भागाकारानंतर नुसता ह उरतो आणि उत्तर येतं शून्य. म्हणजे सतत चढत-उतरत जाणारा पॅराबोला सगळीकडे सपाट आहे! मूल मात्र कॅल्क्युलस फार कठीण आहे म्हणून रडतं, आणि घरचे कॅल्क्युलसची शिकवणी लावतात.

म्हणून माझं मत असं की अल्जिब्रा १ आठवीत व्हावं, आणि नीट व्हावं. सातवीत फक्त त्याच मुलानं घ्यावं जे स्वतःहून गणितं मागून घेतं. जॉमेट्रीच्या वर्षाकडेही दुर्लक्ष नको. आपल्याकडचं पक्ष, साध्य, सिद्धता तिथे विधान आणि कारण अशा दोन रकान्यांत लिहायला शिकवतात, आणि का हा प्रश्न मुलं प्रथम तिथे गंभीरपणे विचारतात. त्या वर्षात बीजगणिताचा हात सुटतो, म्हणून घरी आठवड्याला चार-दोन समीकरणं सोडवून घ्यावीत.

कॅल्क्युलसचं इतकं वेड हायस्कूलला लागलं ते एपी, म्हणजे ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षांमुळे. १९५० च्या दशकात सुरू झालेल्या या परीक्षांनी कॉलेजचा अभ्यासक्रम शाळेत आणला. १९६९ पासून कॅल्क्युलसचे एबी आणि बीसी असे दोन कोर्स आहेत. एबी साधारण कॉलेजच्या एका सत्राइतका, बीसी दोन सत्रांइतका. १९९७ पासून स्टॅटिस्टिक्सचीही परीक्षा आहे, आणि समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा जीवशास्त्राकडे जाणाऱ्या मुलाला तिचा उपयोग जास्त होतो. बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठणं हे शालेय गणिताचं अंतिम उद्दिष्ट मानू नये, असं अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या आणि महाविद्यालयीन गणितज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०१२ मध्ये एकत्र जाहीर केलं. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर मात्र कॅल्क्युलस टाळून भागत नाही. अल्जिब्रा २ तर कुणीच टाळू नये. त्याऐवजी डेटा सायन्सचा हलका कोर्स चालेल का, हा वाद कॅलिफोर्नियात रंगला, तेव्हा २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या प्रवेश समितीनं नाही असं उत्तर दिलं.

मूल कुठल्याही इयत्तेत असो, प्रवेशाच्या दिवशीच शाळेच्या काउन्सेलरकडे दोन गोष्टी मागा : सहावी ते बारावीच्या गणिताच्या कोर्सचा तक्ता, आणि तुकडी कशी ठरवतात त्याचे लेखी नियम. कॅलिफोर्नियात २०१५ च्या कायद्यानुसार नववीच्या गणितासाठी असे नियम जाहीर करणं बंधनकारक आहे, आणि निर्णय पटला नाही तर दाद मागायची सोयही त्यातच आहे. भारतातल्या शाळेची गुणपत्रिका आणि गणिताच्या पुस्तकाची अनुक्रमणिका इंग्रजीत सोबत ठेवा. मूल काय शिकून आलंय हे शाळेला आपण दाखवल्याशिवाय कळणार नाही.

(पुढच्या आठवड्यात : एपी परीक्षा आणि कॉलेजचं क्रेडिट)