मांजर पिंजऱ्यात जाईना?

पिंजरा माळ्यावरून खाली आला की डॉक्टरांची वारी, हे मांजर चटकन शिकतं. म्हणून तो एरवीही घरात उघडाच ठेवा. आत त्याची रोजची गोधडी, अधूनमधून उकडलेल्या चिकनचा तुकडा. विकत घेताना वरचा अर्धा भाग सुटा होणारा घ्या. मांजर खाली बसवायचं, वर झाकण लावायचं, झटापट नाही. तपासणीही खालच्या भागातच होऊ शकते. पुढे एकच दार असेल तर पिंजरा उभा करून मागचे पाय आधी आत सोडा. फारच बिथरलं तर टॉवेलात गुंडाळा. मानगूट धरून उचलू नका. रिक्षात पिंजऱ्यावर ओढणी टाका. बाजाराच्या पिशवीतून नेणारे अजूनही भेटतात, पण एका हॉर्नसरशी मांजर रस्त्यावर उडी घेऊ शकतं.