घरातील सुई-दोरा : गाळणे, वेष्टन आणि पिशवी

मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटपासून सोलापूरच्या चाटी गल्लीपर्यंत कापडाच्या व्यापारात जैन घराण्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या आहेत. ताग्यावर नुसता हात फिरवून सूत कोणते, खळ किती, धुतल्यावर कापड किती आटेल हे सांगणारी वडीलधारी माणसे आजही गादीवर बसलेली आढळतात. परंतु त्याच घरातील नातवाच्या सदऱ्याचे बटण तुटले, तर सदरा कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जातो किंवा कपाटाच्या तळाशी पडून राहतो. दुकानात शेकडो मीटर कापड आणि घरात एक धड सुई सापडू नये, हा प्रकार आता अपवादाचा राहिलेला नाही.

पूर्वी हे काम आजी किंवा काकूकडून मुलींच्या हाती आपोआप येत असे. आता ते मुलींकडेही येत नाही, आणि मुलांकडे तर ते कधी येऊच दिले नाही. हे दुसरे नुकसान पहिल्याहून मोठे म्हणावे लागेल. ज्या मुलाला उद्या कापडाच्या पेढीवर बसायचे आहे, त्याने एक मीटर कापड स्वतः बेतून शिवले तर उभा धागा, आडवा धागा, पन्हा आणि काठ यांची जी ओळख त्याला होईल, ती दुकानातील सहा महिन्यांच्या उमेदवारीतही होईलच असे नाही. म्हणून पुढील कामे घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींनी एकत्र बसून करावीत, अशीच आहेत.

नवशिके सहसा चुकतात ते वस्तूच्या निवडीत. उत्साहाच्या भरात ब्लाउज किंवा झबले हाती घेतले जाते. गळ्याचा गोल बिघडतो, बाहीचा मुंढा बसत नाही आणि यंत्रावर कायमचे झाकण पडते. प्रारंभी वस्तू अशी हवी की जिच्यात फक्त सरळ कडा असतील आणि जी शिवून झाल्यावर रोज वापरात येईल. जैन घरात अशी वस्तू शोधायला लांब जावे लागत नाही. पाण्याच्या मडक्यावरचे गाळणे ही ती वस्तू.

आजकाल गाळणे म्हणून नळाला बांधलेली एखादी चिंधी किंवा बाजारात मिळणारी नायलॉनची जाळी दिसते. जाळीतून पाणी झरझर उतरते, हाच तिचा दोष. परंपरेने सांगितलेले गाळण्याचे माप ३६ अंगुळे लांब आणि २४ अंगुळे रुंद असे असून ते दुहेरी करून वापरायचे असते. अंगुळ साधारण पाऊण इंचाचे धरले, तर हे माप २७ इंच बाय १८ इंच होते. कापड जाड आणि घट्ट विणीचे हवे. सूर्यासमोर धरले असता बिंब स्पष्ट दिसू नये, ही जुन्या गृहिणींची कसोटी अजूनही उपयोगी पडते. चांगला मांजरपाट किंवा घट्ट विणीची खादी या कामास उत्तम. पॉलिएस्टरमिश्रित कापड मात्र घेऊ नये, कारण ते पाणी नीट शोषत नाही.

कोऱ्या कापडापेक्षा अनेकदा धुतलेले सुती कापड गाळण्यास अधिक चांगले असते, हे आजीबाई अनुभवाने सांगत. बांगलादेशातील मतलब भागात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ गावांत केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून तिच्यातून पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे त्यात आढळले. पटकीचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि हे प्राणी कापडाच्या घड्यांत अडकतात. वारंवार धुतल्याने सूत फुगून विणीतील छिद्रे लहान होतात, म्हणून जुनी साडी नव्या साडीपेक्षा सरस ठरली. अर्थात गाळणे हे पाणी उकळण्याला पर्याय नाही. शहरातल्या नळाच्या पाण्याबाबतही दोन्ही करणेच शहाणपणाचे.

आता प्रत्यक्ष शिवण्याकडे वळू. कोरे कापड असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी चोळून खळ काढावी, वाळवावे आणि इस्त्री करावी. मांजरपाट पहिल्या धुण्यात चांगलाच आटतो. हे काम आधी न केल्यास शिवलेली वस्तू पुढे वाकडी होते. मग २८॥ इंच बाय १९॥ इंचाचा तुकडा कापावा. सरळ कापण्यासाठी खडूच्या रेघेवर विसंबू नये. कडेला कात्रीने लहानशी चीर देऊन एक धागा सुईच्या टोकाने उचलावा आणि हलक्या हाताने ओढावा. धागा निघून गेल्यावर कापडात जी बारीक वाट दिसते, तिच्यावरून कात्री चालवावी. मुलांना या कामात विलक्षण गोडी वाटते, आणि कापड म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची गुंफण आहे हे त्यांना न सांगता कळते.

चारही कडा आधी पाव इंच आणि मग अर्धा इंच आत दुमडून इस्त्रीने दाबाव्यात. दुमड बसली की टाचण्या लावून तुरपाई घालावी. सुई दुमडीच्या आतून वर काढायची, खालच्या कापडाचे एक-दोनच धागे उचलायचे आणि पुन्हा दुमडीत शिरायचे. दोरा हातभर लांबीचाच घ्यावा. लांब दोरा घेतला की वेळ वाचतो असे वाटते, पण तो गुंततो आणि दुप्पट वेळ खातो. टाके पाव इंचाच्या अंतराने एकसारखे पडले तर पुरे. पहिल्या बाजूचे टाके वेडेवाकडे येतात, चौथ्या बाजूपर्यंत हात बसतो. पहिली बाजू उसवून पुन्हा घालण्याचा मोह वडीलधाऱ्यांनी आवरावा. मुलाने घातलेले वाकडे टाके पाणी गाळण्याच्या आड येत नाहीत.

हातशिलाईच्या सुयांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हाताच्या सुईचा क्रमांक जितका मोठा, तितकी ती बारीक असते. यंत्राच्या सुईचे गणित नेमके उलट आहे. तिथे ११ क्रमांकाची सुई पातळ कापडासाठी, १४ नेहमीच्या सुती कापडासाठी आणि १६ जाड कापडासाठी घेतात. कित्येक जुन्या शिवणयंत्रांचा दोष म्हणून जो सांगितला जातो, तो केवळ चुकीच्या सुईचा असतो.

गाळणी एकाऐवजी तीन शिवावीत. चातुर्मासात दमट हवेने कापड वाळत नाही, आणि ओलसर राहिलेल्या गाळण्याला कुबट वास येतो. ज्या हेतूने गाळायचे, तोच अशाने बाजूला पडतो. रोज वेगळे गाळणे घ्यावे आणि वापरलेले दांडीवर पसरून पूर्ण वाळवावे, पिळून गोळा करून ठेवू नये. गाळल्यावर राहिलेली जिवाणी जपून मूळ पाण्यात सोडण्याची रीत ज्या घरांत पाळली जाते, तिथे गाळण्याच्या एका कोपऱ्याला नाडीची आडवी कडी शिवून ठेवावी. ते उलटे धरून खळबळणे त्यामुळे सोपे जाते.

दुसरी वस्तू याहूनही सोपी आहे. पाटण, जैसलमेर, मूडबिद्री येथील ग्रंथभांडारांत शतकानुशतके जतन झालेल्या पोथ्या सुती कापडात गुंडाळून ठेवलेल्या असत. धूळ आणि प्रकाश यांपासून संरक्षण करणारे आणि तरीही हवा खेळू देणारे हे वेष्टन घरातील स्वाध्यायाच्या ग्रंथांसाठीही करावे. २४ इंचांचा चौरस, चारही बाजूंना वर सांगितलेली तुरपाई, आणि एका कोपऱ्याला सुमारे ३० इंचांची नाडी. ग्रंथ तिरका ठेवून तीन कोपरे त्यावर दुमडावेत आणि नाडीचा कोपरा शेवटी आणून गुंडाळावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या पुस्तकाला पावसाळ्यात बुरशी धरते, तशी या वेष्टनात सहसा धरत नाही.

तिसरे काम पिशवीचे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि दुकानदारांनी कापडासारख्या दिसणाऱ्या पातळ पिशव्या वापरायला सुरुवात केली. त्यांतील बहुतेक न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात. व्यापाऱ्याने तरी हा भेद ओळखावा. एक कडेचा धागा ओढून पाहिला की खरे काय ते कळते, कारण विणलेल्या कापडातून धागा निघतो, यातून निघत नाही.

पिशवीसाठी ४४ इंच पन्ह्याचे जाड सुती कापड सव्वा मीटर घेऊन आधी धुवावे. त्यातून २० इंच बाय ३७ इंचाचा एक तुकडा आणि बंदांसाठी ४ इंच बाय २४ इंचाच्या दोन पट्ट्या निघतात. उरलेली लांब पट्टी भाजीच्या बटव्यांना पुरते. मोठा तुकडा मधोमध दुमडून, सुलटी बाजू बाहेर ठेवून, दोन्ही कडांना पाव इंचाहून किंचित कमी अंतरावर शिलाई मारावी. मग पिशवी उलटी करून त्याच कडांवर पाव इंचाची दुसरी शिलाई मारावी. पहिल्या शिलाईच्या दशा दुसरीच्या पोटात जातात आणि डाळ-तांदळात धागे पडत नाहीत. हाताने शिवायचे असल्यास येथे धावदोरा पुरत नाही, उलटी टीपच घालावी. प्रत्येक टाका एक पाऊल मागे येऊन घातला जातो, म्हणून ती वजनाने उसवत नाही.

बूड सपाट करण्याची युक्ती नवशिक्यांना अवघड वाटते, पण ती दोन मिनिटांची आहे. पिशवी उलटी असतानाच खालचा कोपरा असा चिमटावा की बाजूची शिलाई तळाच्या दुमडीवर येईल. कोपऱ्याचा त्रिकोण होतो. त्रिकोणाची रुंदी जिथे ४ इंच भरते, तिथे आडवी रेघ आखून शिवावे. दोन्ही कोपऱ्यांना असे केले की पिशवी स्वतःच्या बुडावर उभी राहते. तोंडाची कड अर्धा इंच आणि मग एक इंच दुमडून शिवावी. पट्ट्या चौपदरी दुमडून, कडेने शिवून बंद करावेत आणि बाजूच्या शिलाईपासून ५ इंच आत तोंडाच्या दुमडीवर बसवावेत. बंदाच्या टोकाला चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई घालावी. पिशवी फाटते ती बहुधा इथेच.

अशी पिशवी बाजारातल्या तयार पिशवीपेक्षा स्वस्त पडत नाही, हे व्यापारी वाचकांना सांगायला नकोच. कापडाचा भाव आणि दोन तासांचे श्रम धरले तर हिशेब तोट्याचाच निघेल. मात्र दुकानात पडून असलेले कटपीस, ताग्यांची शेवटची टोके किंवा जुन्या नमुन्यांचे तुकडे वापरले तर हे चित्र बदलते. जो माल वर्षअखेरीस किलोवर विकला जातो, त्यातून घरातील पाहुण्याला द्यायची वस्तू तयार होते.

सामानाच्या निवडीबाबत जैन घराने अधिक जागरूक असावे. हस्तकलेच्या तयार संचांत कित्येकदा रेशमी धागे असतात. ते मिळवण्यासाठी कोशातील जिवंत कीटकासह कोश उकळले जातात. चकाकणारी बटणे शिंपल्याची, हाडाची किंवा शिंगाची असू शकतात. त्याऐवजी लाकडाची किंवा नारळाच्या करवंटीची घ्यावीत, अथवा नाडीवर भागवावे. फेल्ट नावाचे जाड कापड मूळचे लोकरीचे. कृत्रिम धाग्याचे फेल्टही मिळते, तरी विचारून घेणे बरे. कागदकामात वापरला जाणारा सरस हा जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून बनतो, हे अनेक घरांना ठाऊकच नसते. बाभळीचा डिंक किंवा बाजारातील पांढरा कृत्रिम गोंद त्याचे काम चोख करतो. पिठाची खळ स्वच्छ असली तरी तिला पुढे किडे लागतात, म्हणून ती टाळलेली बरी.

एवढे हाती आल्यावर सामायिकाची बैठक करायला घ्यावी. जुन्या सुती साड्यांचे पाच-सहा थर २४ इंचांच्या चौरसात एकावर एक अंथरावेत, सर्वांत मऊ थर वर ठेवावा आणि मोठ्या टाक्यांनी कच्चे टाचून घ्यावे. मग गोधडीप्रमाणे कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्यापर्यंत यावे. दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर राखले तर थर सरकत नाहीत. हे काम एका बसण्यात होत नाही. साडीचे थर आणि सुई एका डब्यात ठेवून घरातील ज्याला सवड असेल त्याने एक-एक फेरी घालावी, पण दिवसाच्या उजेडात. दुपारी खिडकीशी बसून घातलेले टाके रात्री दिव्याखाली घातलेल्या टाक्यांपेक्षा नेहमीच सरळ येतात. उठताना सुया मोजून उशीला टोचाव्यात, आणि एखादी कमी भरली तर ती सापडेपर्यंत बैठकीवर कोणालाही बसू देऊ नये.