जपानचा नाताळ

जपानमध्ये २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असतो. बँका उघड्या असतात, कचेऱ्यांत वर्षअखेरीचे हिशेब चाललेले असतात, लोकल गाड्या रोजच्यासारख्याच खच्चून भरतात. देशात ख्रिस्ती लोक शंभरात जेमतेम एक. तरीही नोव्हेंबर लागला की दुकानांच्या काचांत सांता उभा राहतो, रस्त्याकडेची झाडे दिव्यांनी मढतात आणि २४ तारखेच्या संध्याकाळी हजारो नोकरदार केकचा खोका सांभाळत घरी निघतात. हा जपानी नाताळ चर्चने वाढवलेला नाही. तो वाढवला मिठाईवाल्यांनी, व्यापारी पेढ्यांनी, जाहिरातदारांनी आणि काही अंशी पंचांगाने.

मुळात मात्र तो धर्माबरोबरच आला आणि आला तो गोव्याच्या वाटेने. कागोशिमाचा अंजिरो नावाचा एक सामुराई हातून खून घडल्यावर पोर्तुगीज जहाजातून पळाला. १५४७ साली मलाक्काला त्याची फ्रान्सिस झेवियरशी गाठ पडली. पुढच्या वर्षी गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तिथल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. त्याने सांगितलेल्या हकिकती ऐकूनच झेवियरने जपानला जायचे ठरवले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी दोघे कागोशिमाला उतरले. जपानमध्ये नाताळची मिस्सा झाल्याची पहिली नोंद १५५२ सालची, यामागुची गावची आहे. ती चालवणारा पाद्री होता झेवियरचा सहकारी कोस्मे दे तोरेस. झेवियर तोवर जपान सोडून गेला होता आणि त्याच महिन्याच्या आरंभी चीनच्या किनाऱ्यावर वारला होता. त्याचा देह आज जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात आहे. यामागुचीने हा वारसा व्यवहारी चातुर्याने जपला आहे. डिसेंबर महिन्यापुरते हे शहर स्वतःला नाताळनगरी म्हणवून घेते.

१६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. पाद्रींना हाकलले आणि पुढे संशयितांना येशू किंवा मरियम यांच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावून त्यांची पारख सुरू केली. १६३७-३८च्या शिमाबारा बंडानंतर ही पकड आणखी आवळली. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर कोंडून ठेवलेल्या डच व्यापाऱ्यांनाही नाताळ उघडपणे साजरा करता येईना, म्हणून त्यांनी हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा सण अशी सबब पुढे करून मेजवान्या घातल्या. क्यूशू बेटावरचे छुपे ख्रिस्ती मात्र पाद्रीविना, ग्रंथाविना, पाठ केलेल्या प्रार्थनांवर अडीचशे वर्षे टिकले. त्यांतल्या काहींनी मरियमेची पूजा बौद्ध देवी कान्नोनच्या रूपात केली. नागासाकी प्रांतातल्या इकित्सुकी बेटावर ही परंपरा चालवणाऱ्या घराण्यांत येशूजन्माचा विधी त्याच लहान दिवसाच्या सुमारास होत आला आहे. आजच्या झगमगाटाशी त्याचे काही नाते नाही.

ही बंदी १८७३ साली उठली, आणि त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून जपानने जुने चांद्र-सौर पंचांग सोडून युरोपीय कॅलेंडर घेतले. नाताळच्या दृष्टीने यांतली दुसरी घटना अधिक मोलाची ठरली. जुन्या गणनेत नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येई. नव्या गणनेने ते नाताळनंतर अवघ्या सात दिवसांवर आणून ठेवले. वर्षअखेरीला वरिष्ठांना, उपकारकर्त्यांना भेटी पाठवण्याची जपानची जुनी चाल आहे. कचेऱ्यांतला हिवाळी बोनसही पुढे डिसेंबरातच मिळू लागला. हातात पैसा, मनात खरेदी आणि समोर भेटी देण्याचा परदेशी सण, एवढी सोय दुकानदारांना आणखी कोणत्या महिन्यात मिळणार?

सुरुवात मिशनऱ्यांच्या शाळांतून झाली. १८७४ साली तोक्योत हारा ताने-आकी या नवख्रिस्ती गृहस्थाने भरवलेल्या समारंभात सांता सामुराईच्या दरबारी पोशाखात, कमरेला तलवारी लावून आला होता, असे सांगतात. १९००च्या सुमारास परदेशी खाद्यपदार्थ विकणारी मेइदी-या ही पेढी तोक्योच्या गिन्झा भागात आली आणि तिच्या नाताळच्या सजावटीकडे बघे लोटू लागले. इतर दुकानांनी तिचा कित्ता गिरवला. मग एका मृत्यूने या सणाला अनपेक्षित हात दिला. सम्राट ताइशो २५ डिसेंबर १९२६ रोजी वारले आणि १९२७ पासून ती तारीख त्यांच्या स्मरणाची राष्ट्रीय सुट्टी झाली. कागदावर तो दिवस दिवंगत सम्राटाचा होता, पण शहरांतल्या हॉटेलांत आणि कॅफेंत आदल्या रात्री नाताळच रंगे. ही सुट्टी १९४७ पर्यंत चालली. ती रद्द झाली तेव्हा सण चांगलाच मुरला होता.

युद्धानंतर अमेरिकी फौजांबरोबर सांता, कागदी टोप्या आणि नाताळगीते नव्याने आली. १९५०च्या दशकातला नाताळ हा मुख्यतः पुरुषांच्या दारू पिण्याचा सण होता. २४ तारखेला गिन्झाचे कॅबरे भरून वाहत आणि उत्तररात्री डोक्यावर त्रिकोणी टोप्या घातलेले बाबू झोकांड्या खात घरी परतत, बहुधा बायकोचा राग शांत करायला हातात केक घेऊन. दशकाच्या अखेरीस पगार वाढले, घरात टीव्ही आला आणि सण घरात शिरला. मुले झोपली की उशाशी भेट ठेवायची पद्धत तेव्हापासून घरोघरची झाली.

हा केक म्हणजे युरोपातला सुक्या मेव्याचा जड केक नव्हे. मऊ स्पंज, थरांत आणि वर पांढरे फेटलेले क्रीम आणि त्यावर लालबुंद स्ट्रॉबेरी असे त्याचे रूप. योकोहामात १९१० साली निघालेली फुजिया ही मिठाई कंपनी आपण त्याच वर्षापासून नाताळचे केक विकत असल्याचे सांगते. स्ट्रॉबेरीचा आजचा केक सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला तो मात्र युद्धानंतर. आधी लोणीसाखरेचे घट्ट क्रीम चाले. दुकानांत शीतकपाटे आली तेव्हा ताजे क्रीम परवडू लागले. लाल-पांढरी जोडी जपानमध्ये तशीही मंगल मानतात, त्यामुळे हे परदेशी पक्वान्न डोळ्यांना परके वाटले नसावे.

या केकने शेतीचे वेळापत्रकच बदलले. स्ट्रॉबेरीचा नैसर्गिक हंगाम वसंताच्या अखेरचा. मागणी मात्र डिसेंबरात. म्हणून शेतकरी उन्हाळ्याच्या शेवटी रोपांना मुद्दाम थंडावा आणि छोटा दिवस देतात. रोपांना हिवाळा आल्याचा भास होतो, कळ्या लवकर धरतात आणि काचघरात किंवा प्लास्टिकच्या बोगद्यात फळ डिसेंबरापर्यंत पिकते. तोक्योच्या उत्तरेचा तोचिगी प्रांत या पिकात वर्षानुवर्षे देशात पहिला आहे. वर्षातला चढा भाव नाताळाच्या आठवड्यात मिळतो आणि नंतर उतरतो.

केकवरून एक बोचरी थट्टाही रूढ झाली होती. २५ तारखेनंतर केकला गिऱ्हाईक नाही, तसे पंचविशीनंतर मुलीला स्थळ नाही, असे १९८०च्या दशकात सर्रास म्हटले जाई. आता जपानी स्त्रियांचे पहिल्या लग्नाचे सरासरी वय २९च्या पुढे गेले आहे आणि ती थट्टा आपोआप शिळी झाली.

नाताळच्या जेवणात तळलेले चिकन आले ते जाहिरातीतून. केंटकी फ्राइड चिकनचे जपानमधले पहिले दुकान १९७० साली नागोयात उघडले. नाताळला चिकन खाण्याची कल्पना कुणाला सुचली याच्या दोनतीन कथा आहेत. टर्की मिळत नाही म्हणून चिकन मागणारा परदेशी गिऱ्हाईक एका कथेत आहे. दुसरीत शाळेच्या समारंभात सांता बनून गेलेला पहिल्या दुकानाचा व्यवस्थापक ओकावारा ताकेशी आहे. तोच पुढे कंपनीचा प्रमुख झाला. १९७४ पासून देशभर जाहिरात सुरू झाली आणि नाताळ म्हणजे केंटकी हे समीकरण पक्के बसले. त्याला कारणही स्वयंपाकघरातलेच होते. जपानी घरात मोठी भट्टी नसते, शेगडीखाली मासे भाजायची चिंचोळी जाळी तेवढी असते. अख्खी टर्की भाजायची कुठे? सगळ्यांनी मिळून हाताने खायचे, परदेशी वाटणारे आणि तयार मिळणारे चिकन त्या जागी चपखल बसले. आता आगाऊ नोंदणी कित्येक आठवडे आधी सुरू होते, नोंदणी न करणारे रांगेत ताटकळतात आणि दुकानाबाहेरचा कर्नल सँडर्सचा पुतळा महिनाभर सांताच्या वेषात असतो.

सणाचे तिसरे रूप प्रेमिकांचे. पाश्चात्त्य देशांत नाताळ घरच्यांचा आणि नववर्षाची पूर्वरात्र मित्रमंडळींची. जपानमध्ये हे नेमके उलटे झाले, आणि १९८०च्या दशकातल्या सुबत्तेने त्याला वेग दिला. २४च्या रात्रीसाठी हॉटेलच्या खोल्या आणि फ्रेंच जेवणाची टेबले कित्येक महिने आधी भरत. तरुण महागडे दागिने घेत. यामाशिता तात्सुरो यांचे ‘ख्रिसमस ईव्ह’ हे गाणे १९८३ साली निघाले. मध्य जपान रेल्वेने दूर राहणाऱ्या प्रेमिकांच्या भेटीवर शिंकान्सेन या वेगवान गाडीच्या जाहिराती केल्या, त्यांत हे गाणे वाजले आणि १९८९ साली ते विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्या सुबत्तेचा फुगा फुटल्यावर खर्च आटला. आज बरीच तरुण मंडळी त्या रात्री एकटी किंवा मित्रांबरोबर असतात. तरी २४ तारखेला कोणाबरोबर जेवायला जायचे, या प्रश्नाला तिथे अजून वजन आहे.

प्रेमिकांच्या त्या रात्रीच्या फिरण्याला रस्ता पुरवला रोषणाईने. साप्पोरोची रोषणाई १९८१ साली अवघ्या १,०४८ दिव्यांनी सुरू झाली. सेंदाईच्या जोझेंजी रस्त्यावरची झेल्कोवाची झाडे १९८६ पासून उजळू लागली. निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले तिघेही जपानी वंशाचे. त्या शोधाने रस्तेच्या रस्ते निळे-पांढरे करणे स्वस्त झाले. कोबेची कमानींची रोषणाई याच माळेत मोजली जाते, पण ते बरोबर नाही. ती १७ जानेवारी १९९५च्या भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणार्थ त्याच डिसेंबरात सुरू झाली आणि २०२४ साली ती जानेवारीत हलवली गेली.

२५ची रात्र सरली की दुकानांतली नाताळची झाडे उतरतात आणि दाराशी पाइन-बांबूची कादोमात्सु उभी राहते. देवाचे, पूर्वजांचे, आईवडिलांचे जे काही आहे ते सगळे नववर्षाचे. गावी जायचे, ३१च्या रात्री सोबा नावाच्या शेवया खायच्या, पहाटे किंवा सकाळी देवळात जायचे, मुलांना पाकिटातून पैसे द्यायचे. घराचा खरा सण आधीच ठरलेला असल्यामुळे नाताळवर कसलीच जबाबदारी पडली नाही. म्हणूनच तो केक, चिकन आणि दिव्यांवर निभावला आणि शिंतो-बौद्ध घरांत कुणाला खुपलाही नाही. नाताळची शुभेच्छापत्रे जपानमध्ये फारशी रुजली नाहीत, त्याचेही कारण हेच. पत्रे जातात ती नववर्षाची. २५ डिसेंबरपर्यंत पेटीत पडलेली अशी पत्रे टपालखाते राखून ठेवते आणि १ जानेवारीला घरोघरी पोचवते. २००४च्या नववर्षासाठी अशी सुमारे ४४६ कोटी पत्रे छापली गेली होती. मोबाइल आल्यापासून हा आकडा घसरत चालला आहे, तरी कित्येक घरांत २४ तारखेची रात्र केक कापण्याआधी पत्ते लिहिण्यातच जाते.